मेपलची दृष्ट

१ डिसेंबर २००२, रविवार. सकाळी १०

डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढा. ब्लडप्रेशर १६०-१०० आहे. मी त्यांना समजावलं की मला राग येत नाही, लोक आणतात. ते म्हणाले, मग तेही लिहा. म्हणून ही वही. कुणाला दाखवायची नाही.

काल मराठी मंडळात माझं भाषण झालं. विषय : 'मीठ, आपला पांढरा शत्रू'. ठरली होती वीस मिनिटं, मी पन्नास बोललो. हिवाळ्यात रस्त्यावर आणि ड्राइव्हवेवर आपण गोण्याच्या गोण्या मीठ ओततो, ते जातं कुठे? कुठेच जात नाही. हे माझं मुख्य वाक्य. मीठ नाहीसं होत नाही, नुसती जागा बदलतं. रस्त्यावरून गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून आपल्या नळात. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी नासवतं. बेडूक मारतं, गाडीचा पत्रा खातं, झाडांची मुळं जाळतं. उपाय सोपे. बर्फ पडत असतानाच काढायला लागा. मीठ टाकायचंच तर मूठभर. शक्यतो वाळू टाका, ती झाडून परत वापरा. आणि मिठाचा बर्फ झाडाच्या बुंध्याशी कधीही रचू नका.

लोक समोशांकडे बघत होते. शेजारचा उल्हास शेवटच्या रांगेत बसून कागदावर काहीतरी खरडत होता. किराण्याची यादी असणार. अमेरिकेतल्या या एडिसन गावात दुसरं काय लिहितात?

संकल्प : या हिवाळ्यात कुणावरही ओरडायचं नाही. हात तर उचलायचाच नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

गाडीतून उतरली आणि घरात न येता थेट झाडाकडे गेली. बाबांनी मे १९९९ मध्ये लावलेलं मेपल, आमचा ड्राइव्हवे आणि उल्हासचा ड्राइव्हवे यांच्यामधल्या गवताच्या पट्टीत. तेव्हा हातभर होतं, आता घराच्या पागोळीला लागलंय. बाबा सांगलीला पोस्टमास्तर होते, पण जीव सगळा झाडांत. मला म्हणाले होते, "मोरू, झाड ओरडत नाही. म्हणून त्याच्याकडे रोज बघावं लागतं." मी रोज बघतो. ऑफिसला जाताना आरशातून बघतो.

आईनं खोडावर हात ठेवला. बराच वेळ उभी राहिली. थंडीनं माझे कान गळायला आले. मग म्हणाली, "याची पालवी बघूनच जाईन."

परतीचं तिकीट १० मेचं आहे. म्हणजे तोवर पालवी आलीच पाहिजे. या झाडाच्या वाटेला जो जाईल त्याचं टाळकं फोडीन. (हे फक्त लिहिलंय. डॉक्टरांनीच सांगितलंय.)

५ डिसेंबर, गुरुवार

आठ इंच बर्फ. पडत असतानाच काढायचा होता, पण ऑफिसचा कॉल होता आणि नंतर भजी होती.

दुपारी चारला बाहेर पडलो. दीड तास उपसून ड्राइव्हवे मोकळा केला आणि त्याच क्षणी टाऊनशिपचा बर्फ लोटणारा ट्रक आला आणि रस्त्यावरचा सगळा ढीग माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून गेला. मी शांत राहिलो. फक्त हातातलं फावडं सुटलं. ते ट्रकच्या मागच्या फळीवर जाऊन आदळलं. ट्रक थांबला, रिव्हर्स आला आणि माझा मेलबॉक्स मुळापासून आडवा करून गेला. ड्रायव्हर काही बोलला नाही. मी बोललो. समोरच्या खिडक्यांचे पडदे हलले.

आई घसरू नये म्हणून मीठ टाकलं. अर्धी गोणी. हे मीठ मी भाषणात धरलेलं नव्हतं. हे औषध आहे. वयस्कर माणूस घरात असताना तत्त्वं दाखवणं म्हणजे क्रूरपणा.

काढलेला बर्फ झाडाच्या बुंध्याशी रचला. दुसरीकडे जागाच नाही, पलीकडे उल्हासची हद्द. आणि शेवटी बर्फ म्हणजे पाणीच की.

२५ डिसेंबर, बुधवार. सकाळी ८

पुन्हा बर्फ. खिडकीतून बघतो तर उल्हास पांढरी गोणी काखेत धरून मुठीमुठीनं ड्राइव्हवेवर काहीतरी फेकतोय. मीठ. तेही मळकट रंगाचं, म्हणजे स्वस्तातलं, भेसळीचं. ज्या माणसानं पन्नास मिनिटं माझं भाषण ऐकलं, त्यानं हे करावं. बाबांचं झाड त्याच्या हातापासून पाच फुटांवर.

गाऊनवरच बाहेर गेलो. त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही, वही नवी आहे. त्यानं कानांवर माकडटोपी ओढली होती. त्यानं हात हलवून मला मेरी ख्रिसमस केलं. मीही रागानं मेरी ख्रिसमस केलं.

मग आमचा ड्राइव्हवे केला. पाऊण गोणी. बर्फ नेहमीच्या जागी.

१ जानेवारी २००३, बुधवार

संकल्प : शिव्या बंद. उल्हासशी कायद्यानं लढायचं. मीठ कमी करायचं (त्याचं).

१२ जानेवारी, रविवार

शास्त्रीय शोध लागला. इंटरनेटवर वाचलं की तिकडे आयोवा-बियोवाकडे मिठात बिटाचा रस, मळी असलं गोड काहीतरी मिसळतात. त्यानं मीठ रस्त्याला चिकटून राहतं, उडून वाया जात नाही, म्हणून कमी लागतं. हे वाचून मला माझ्या पूर्वजांचा अभिमान वाटला. आपल्याकडे गूळ आहे.

ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून गुळाच्या चार ढेपा आणल्या. मोठ्या प्लास्टिकच्या पिंपात गरम पाणी, गूळ आणि मीठ. प्रमाण कुठे दिलं नव्हतं, म्हणून मीठ दोन गोण्या. कमी मीठ लागण्यासाठी सुरुवातीला थोडं जास्त घालावं लागतं. पिंप झाडाखाली ठेवलं, तिथे आडोसा आहे. तळाला जरा झिरपतं, पण ते जमिनीत जातं, वाया जात नाही.

माझी बायको सुमेधा पाण्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे. माझं भाषण तिनंच तपासून दिलं, म्हणजे टाइप केलं. तिनं पिंपात डोकावून विचारलं की हे नक्की कुणाविरुद्ध आहे. मी दुर्लक्ष केलं. घरची कोंबडी डाळीबरोबर.

१८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ७

आज घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. सत्तावीस बायका. सकाळी मी ड्राइव्हवेवर गूळ-मीठ शिंपडलं होतं. बर्फ वितळला, हे यश आहे. गूळ राहिला. बायकांनी बूट दारात काढले, पण मोजे, पैठण्यांचे काठ, सगळं चिकटलं. आमचं फिकट कार्पेट आता वाघासारखं दिसतं. उल्हासची बायको पद्मजा उंबऱ्यातच उभी होती, पाय उचलेना. मला वाटलं लाजतेय. तिची चप्पल चिकटली होती.

तिला न्यायला उल्हास आला. आईच्या पाया पडला. माझ्यापुढे तिळगूळ धरून म्हणाला, "घे बे, गोड बोल." आईच्या देखत, सत्तावीस बायकांच्या देखत, माझ्या बाबांच्या झाडाच्या मारेकऱ्यानं मला गोड बोलायला सांगावं.

मी फक्त माझ्या ताटलीतली वडी त्याला परत दिली. जोरात दिली. ती त्याच्या कपाळाला लागली आणि टेंगूळ आलं. वड्या यंदा कडक झाल्या होत्या, पाक सुमेधानं केला होता.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ७

हरणं. सहा. ड्राइव्हवे चाटतायत. घराभोवती एवढी गर्दी आमच्या वास्तुशांतीला नव्हती.

ड्राइव्हवे चाटून झाल्यावर झाडाकडे वळली आणि बुंध्याची साल कुरतडायला लागली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पहार घेऊन धावलो. पाच पळाली. सहावी मादी होती. ती पळाली नाही. तिनं पुढच्या पायानं मांडीवर अशी लाथ घातली की मी पिंपावर पडलो, पिंप आडवं झालं, आणि सगळं गूळपाणी मुळांशी गेलं. पहार हातातून सुटली होती, मी पडल्यापडल्या जवळच्या फावड्यानं तिला हाणलं. फावड्याचा दांडा तुटला. ती चाटत राहिली.

मांडी काळीनिळी. हरणांना खारट चव कुणी लावली? उल्हासनं.

२ फेब्रुवारी, रविवार

फांद्यांची टोकं वाळलेली दिसतात. आमच्या ड्राइव्हवेकडच्या बाजूची. वारा उल्हासकडून वाहतो, त्याचं मीठ उडून इकडे येतं. सरळ आहे.

आईचं मत वेगळं. ती म्हणते, झाडाला दृष्ट लागली. दुपारी मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या मुठीत घेऊन झाडावरून तीनदा ओवाळल्या, आत आणून तव्यावर टाकल्या. ठसका असा उठला की सुमेधा रांगत बाहेर गेली. स्मोक अलार्म केकाटला. मी त्याला झाडूनं हाणून गप्प केलं, तो सीलिंगसकट खाली आला. पण तोवर वर्दी गेली होती. फायर ब्रिगेडचा ट्रक. कुऱ्हाड घेतलेला एक साडेसहा फुटी माणूस आमच्या देवघरापुढे उभा. त्यानं विचारलं, काय शिजत होतं. मी सांगितलं, इट इज फॉर द ट्री. तो आणि कुऱ्हाड, दोघं खोकत होते असं वाटलं.

ठरलं : यापुढे जाळायचं नाही. बाहेरच ओवाळून टाकायचं. पण टाकायचं कुठे? दृष्टीचं मीठ कुणाच्या ओलांडण्यात येऊ नये. आई म्हणाली, झाडाच्या बुंध्याशीच टाकते, तिथून कोण जातंय. गॅरेजमधली गोणी बघून तर खूश झाली. दृष्टीला खडेमीठच लागतं आणि अमेरिकेत ते गोणीनं मिळतं, हे तिला माहीत नव्हतं. मी भाषणाचा धागा पकडून म्हणालो, आई, मीठ झाडाला वाईट. ती म्हणाली, "रस्त्याचं मीठ वेगळं. दृष्टीचं मीठ लागत नाही."

पटलं. दर शनिवारी मूठभर. श्रद्धा आहे, रसायन नव्हे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पडतोय. टीव्हीवाले ओरडतायत. चार गोण्या आणून ठेवल्या. आईसाठी.

१७ फेब्रुवारी, सोमवार. रात्री १०. डाव्या हातानं लिहितोय

दोन फूट. आमची गाडी दिसत नव्हती. आई दोन दिवस दाराबाहेर पडलेली नाही, पण पडलीच तर म्हणून तीन गोण्या टाकल्या. बर्फ बुंध्याशी, माझ्या छातीपर्यंत ढीग.

साडेअकराला उल्हास बाहेर आला. आता हातानं नाही. नवं यंत्र आणलंय, ढकलगाडी, खाली चकती फिरते आणि चहूकडे उडवते. खर्रखर्र आवाज करत झाडाच्या दिशेनं आला.

मला पुढचं नीट आठवत नाही, म्हणजे आठवतं. पहार घेतली. त्याला बाजूला ढकललं. तो बर्फात बसला. मी यंत्रावर पहिला घाव घातला तो चकतीवर, दुसरा वरच्या डब्यावर, तिसरा चाकावर. चाक निखळून रस्त्यावर गेलं. काय बरं वाटलं! दोन महिन्यांनी छाती मोकळी झाली. उल्हास उठून मागून मला मिठी मारायला लागला, म्हणाला, "अबे थांब, अबे ऐक तर." मी ऐकत नसतो. कोपर मागे हाणलं. मऊ काहीतरी मोडल्याचा आवाज आला. त्याचं नाक. पांढऱ्या बर्फावर लाल. पद्मजा दारातून किंचाळली. मी वळलो, पाय सटकला, आणि मी माझ्याच ड्राइव्हवेवर, जिथे तीन गोण्या मीठ होतं तिथे, उजव्या मनगटावर पडलो. एवढ्या थंडीत मीठ काम करत नाही. भाषणात होतं हे.

कुणीतरी पोलिसांना बोलावलं. ऑफिसरनं विचारलं, नाकाला काय झालं. उल्हास रुमालात बर्फ धरून उभा होता. म्हणाला, मी घसरलो. माझ्याकडे न बघता म्हणाला.

घाबरला. अपराधी माणूस असाच घाबरतो.

मनगट फ्रॅक्चर. आईनं रात्रीचं जेवण भरवलं. बाबांसारखी गप्प बसायला कधी शिकली?

१ मार्च, शनिवार

प्लास्टर. बी.पी. १७०. उल्हासच्या नाकावर पट्टी, तो सकाळी अंधार फिटायच्या आधी बर्फ काढतो, माझी गाठ पडू नये म्हणून. मी जिंकलो असं वाटायला हवं. तितकंसं वाटत नाही. औषधाचा परिणाम असेल.

काल आमच्या गार्डन होजचे, म्हणजे बागेला पाणी घालायच्या पाइपचे, तुकडे केले. कारण आता आठवत नाही. तो वाटेत होता.

१५ मार्च, शनिवार

कोर्टात पुरावा लागतो. झाडाच्या दोन्ही बाजूंची माती खणली, डाव्या हातानं, दोन बरण्यांत भरली. एकावर 'उल्हास', दुसरीवर 'आम्ही'. सुमेधाला सांगितलं, लॅबमध्ये नेऊन मीठ किती ते काढ. ती म्हणाली, नक्की काढू का? मी म्हणालो, सत्याला घाबरायचं काय कारण. ती बरण्यांकडे बघत राहिली. म्हणाली, कारण काही नाही.

२ एप्रिल, बुधवार. पाडवा

गुढी उभारली. आईला वाटलं होतं पाडव्यापर्यंत झाड फुटेल. रस्त्यापलीकडच्या मेपलला लाल तुरे आलेत. आमच्याला नाहीत. आई म्हणाली, उशिरा जागं होणारं असेल, तुझ्यासारखं. हसली नाही.

७ एप्रिल, सोमवार

एप्रिलमध्ये बर्फ! हा देश कुणी वसवला? शेवटची गोणी टाकून संपवली. घरात ठेवायलाच नको, मी मीठ सोडलं.

१६ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ६

रिपोर्ट आला. सुमेधानं आठवडाभर पर्समध्ये ठेवला होता.

'उल्हास' : मीठ जवळजवळ नाही. 'आम्ही' : त्याच्या चाळीस पट.

बरण्या बदलल्या. लॅबमध्ये असले घोटाळे होतात, अमेरिकन लोकांना उल्हास आणि आम्ही यातला फरक काय कळणार. सुमेधा म्हणाली, तपासणी मी स्वतः केली. मग लेबलं निघाली असतील. टेबलावर मूठ आपटली. प्लास्टरमधली. ब्रह्मांड आठवलं.

उद्या पुन्हा खणणार.

२४ एप्रिल, गुरुवार

पुन्हा तेच. यावेळी आमच्या बरणीला लाल टेप लावली होती.

म्हणजे उल्हास चोरून आमच्या हद्दीत येऊन टाकतो. मी ऑफिसला गेल्यावर किंवा सकाळी. बाबांचं झाड माझ्या मातीतून मारतो. याचा सोक्षमोक्ष लावायचा. शनिवारी सकाळी सहाला गॅरेजचं दार चार बोटं उघडं ठेवून आत बसणार. पहार जवळ. रंगेहाथ पकडला तर नाक तर नाकच, नाहीतर दात.

२६ एप्रिल, शनिवार. सकाळी ९

लिहितो. लिहायचं म्हणून लिहितो.

साडेसहाला कुणीतरी झाडाकडे आलं. पहार घट्ट धरली. आई होती. पायात माझे बूट, साडीवर सुमेधाचा कोट. हातात पितळी वाटी, शिगोशीग खडेमीठ. झाडाभोवती फिरत होती, पुटपुटत होती, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची. ओवाळून वाटी मुळाशी रिकामी केली. मग आत गेली आणि दुसरी वाटी भरून आणली. गॅरेजच्या कोपऱ्यात अर्धी गोणी तिनं बाजूला काढून ठेवली होती, वर माझं जुनं स्वेटर घालून. मला शनिवारची मूठ माहीत होती. ही वाटी होती, आणि उरलेली गोणी बघता रोजची, सकाळ-संध्याकाळ. डबा पालथा करावा तशी खोडाशी सांडत होती, आणि शेवटी खोडाला हात लावून म्हणाली, "आता तरी बघा हो."

झाडाशी बोलत नव्हती. बाबांशी बोलत होती.

मी कोपऱ्यात बसून राहिलो. माझ्या भोवती रिकाम्या गोण्या होत्या, घड्या घालून रचलेल्या. त्या मीच रचल्या. मोजल्या नाहीत.

आई आत गेल्यावर उल्हास बाहेर आला. हातात केरसुणी आणि बादली. त्याच्या ड्राइव्हवेवरचं मळकट काहीतरी झाडून बादलीत भरत होता. मी पहार आत ठेवली आणि गेलो. मला बघून तो दोन पावलं मागे सरकला, नाकाला हात गेला. मी बादलीत हात घातला. तोंडात टाकलं. दाताखाली करकरलं.

वाळू होती.

त्यानं खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून घडीचा कागद. नोव्हेंबरचा. 'पडत असताना काढा. वाळू. झाडून परत वापरा. झाडाशी बर्फ नको.' खाली दोन रेघा ओढून : 'मीठ नाहीसं होत नाही.' त्याचं अक्षर गिचमिड आहे, पण शब्द न् शब्द माझं भाषण.

उल्हास म्हणाला, "तूच तर सांगितलं होतं न बे."

मी कागद होता तशा घडीत दुमडून त्याला परत दिला.

२७ एप्रिल, रविवार

सुमेधाला सगळं सांगितलं. तिला पहिल्या रिपोर्टपासूनच माहीत होतं. तिनं फक्त एवढं सांगितलं की आता मातीतून मीठ खाली धुऊन काढायला भरपूर साधं पाणी घालायचं, रोज, तासन्‌तास. थोडी आशा आहे, फार नाही. खाली म्हणजे कुठे, असं मी विचारलं. ती म्हणाली, खाली म्हणजे खाली. जागा बदलेल.

होज नाही. तो मी कापला. उल्हासनं त्याचा आणून दिला, नळही त्याचाच. मी सॉरी म्हणणार होतो, पण त्याचं नाक अजून थोडं डावीकडे आहे आणि ते बघितलं की शब्द अडकतात. उद्या म्हणीन.

२८ एप्रिल. पाणी. सॉरी राहिलं.

२९ एप्रिल. पाणी. चार तास.

१ मे, गुरुवार. आईला सांगितलं.

काय सांगायचं हे ऑफिसमध्ये सगळा दिवस ठरवत होतो. तिनं विचारलं, सारखं पाणी का घालतोस. मी म्हणालो, आई, झाडाला दृष्ट नव्हती. मी मिठाचा बर्फ मुळाशी रचला. पिंप ठेवलं, ते गळत होतं. मी केलं. भाषणं दिली आणि मीच केलं. या वहीत इतके दिवस असं एकही वाक्य आलं नव्हतं. मागे जाऊन पाहिलं.

आई भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "आणि मी टाकत होते, ते रे?"

मी म्हणालो, "दृष्टीचं मीठ लागत नाही, आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग भाजी निवडायला लागली. मेथी होती. दोन काड्या निवडायला दहा मिनिटं लावली. मला कुठेतरी जाऊन काहीतरी फोडावंसं वाटलं. फोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

४ मे, रविवार

पाणी. आमच्या बाजूच्या फांद्या काटकन मोडतात. एक मोडून बघितली, आत हिरवं नाही.

६ मे, मंगळवार

पद्मजा आईसाठी पुरणपोळी घेऊन आली. मला नमस्कार केला नाही. बरोबर आहे.

९ मे, शुक्रवार. संध्याकाळी ५

उद्या आईची फ्लाइट. बॅगा भरून झाल्या.

दुपारी उल्हासनं हाक मारली. काकू, इकडे या. त्याच्या ड्राइव्हवेवर झुकलेली एक फांदी आहे, त्याच्या बाजूची. तिच्या टोकाला पालवी. तांबूस, ओली, नखाएवढी. बाकी सगळं झाड कोरडं.

आई त्याच्या ड्राइव्हवेवर उभी राहिली, वाळूत. पालवी आमच्या बाजूनं दिसतच नव्हती, त्याच्याकडूनच दिसत होती. तिनं फांदी खाली ओढली नाही. खालूनच बघितली. म्हणाली, आली, आणि डोळ्यांना पदर लावला. उल्हासनं मान फिरवली. ती फांदी मोजणीप्रमाणे आमच्याच हद्दीत येते, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. सॉरी म्हणालो. आवाज फुटला नाही, पण त्याला कळलं असावं, कारण तो म्हणाला, पाणी चालू ठेव.

घरात आल्यावर आईनं मला पाटावर बसवलं. किचनमधल्या डब्यातलं मीठ, चिमूटभर मोहरी, उजव्या मुठीत. माझ्यावरून तीनदा उतरवलं. म्हणाली, झाडाला नव्हतीच. तुला होती. मी पन्नाशीचा माणूस, हाताला अजून बेल्ट, पाटावर मांडी घालून बसलो होतो.

मग ती मूठ घेऊन दाराकडे निघाली. सवयीनं झाडाकडे. पायरीवर थांबली. मूठ तशीच. वळून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, दे, मी टाकतो.

घेऊन बाहेर आलो. झाडाकडे नाही. ड्राइव्हवेवर नाही, उतार झाडाकडे आहे. गटाराशी गेलो, जाळीतून खाली पाणी वाहत होतं, ओढ्याला जाणारं. पुढे गेलो. उल्हासच्या गवताशी आलो आणि परत फिरलो. कचऱ्याच्या डब्याशी उभा राहिलो. कचरा कुठे जातो ते मला भाषणासाठी वाचावं लागलं होतं. घराला दोन चकरा झाल्या. आई खिडकीतून बघत होती.

शेवटी खिशात घातलं. आत येऊन सांगितलं, टाकलं.

अजून खिशातच आहे. सुमेधा म्हणते, पँट धुवायला दे. नाही दिली. उद्या एअरपोर्टहून आल्यावर बघतो.